लेकीच्या नोकरीचे गाव : सोलापूर

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापूर स्टेशनात थांबली तेव्हा ऊन नुकतेच पडू लागले होते. २०२४ सालचा जून महिना. आमच्याजवळ दोन वळकट्या, भांड्यांची एक गोणी, पिठाचा डबा आणि एक लहान शेगडी एवढे सामान होते. तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर काच फुटू नये म्हणून आम्ही जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आणली होती. ती चादर आमच्या लग्नात आहेर म्हणून आली होती. मुलीची आई हसून म्हणाली, "घ्या, चादर माहेरी आली!" लेकीच्या हातात प्लॅस्टिकची एक फाइल होती. रात्रभर तिने ती उशाखालीच ठेवली होती. त्या फाइलीत तिच्या नेमणुकीचा आदेश होता.

आमची लेक मास्तरीण होणार होती. आमच्या घराण्यातली पहिली.

डी.एड. होऊन तिला बरीच वर्षे झाली होती. मधल्या काळात तिने वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, दुकानात हिशेब लिहिले. शिक्षकभरती बंद, मग परीक्षा, मग पुन्हा वाट पाहणे, यात तिची उमेदीची वर्षे गेली. अखेर २०२३ ची अभियोग्यता चाचणी झाली आणि पवित्र पोर्टलवरून तिची निवड झाली. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची, महिना १६,००० रुपये मानधनावर. पूर्वी प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाला सहा हजारच मिळत, ते २०२३ मध्ये वाढले. जिल्हा मिळाला सोलापूर. आमचे तिथे नात्याचे कोणी नाही. म्हणून ठरवले की, लेकीला एकटी पाठवायची नाही. शाळा सुरू होऊन तिचे बस्तान बसेपर्यंत आपण दोघांनी तिच्याजवळ राहायचे.

पहिले दोन दिवस आम्ही एका ओळखीच्या कार्यकर्त्याच्या घरी उतरलो आणि खोली शोधायला निघालो. शाळा शहराच्या पूर्व भागाकडे होती. हा भाग विणकरांचा आणि विडी कामगारांचा. गल्लीत शिरले की यंत्रमागाची खडखड ऐकू येते आणि उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या दिसतात. पाट्या मराठीत आहेत तशा तेलुगूतही आहेत. कुठे कन्नड बोलतात, कुठे दखनी उर्दू. पूर्वी या गावाला गिरण्यांचे गाव म्हणत. त्या गिरण्या बंद पडल्या. पण चादर, टॉवेल आणि विडी यांवर अजून हजारो चुली पेटतात.

पहिली खोली चांगली होती. हवा, उजेड, दारात नळ. मालकांनी आमच्या मुलीला नोकरी विचारली, शिक्षिका म्हटल्यावर खूश झाले, चहासुद्धा आला. मग आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग "तसे तुम्ही मूळचे कोण?" असे विचारले. आम्ही सरळ सांगितले, "आम्ही बौद्ध." चहाचे कप उचलताना ते म्हणाले, "भावाला विचारून कळवतो." दुसऱ्या दिवशी खोली दिलेली होती. दुसऱ्या ठिकाणी एवढेही झाले नाही. तिथे लेकीच्या फाइलीतून बाबासाहेबांचे छोटे चित्र डोकावत होते, ते पाहूनच उत्तर मिळाले.

परत येताना लेक गप्प होती. तिची आई म्हणाली, "बाळ, मुलांना शिकवायला आलीस ना? मग हा पहिला धडा आपल्यालाच मिळाला समज." पण आईचा आवाजही बरा नव्हता.

तिसरी खोली एका वयस्क बाईंकडे मिळाली. बाई तेलुगू बोलणाऱ्या. जन्मभर विड्या वळल्या, आता नजर कमी झाली तरी हात थांबत नाहीत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, आम्हीही अक्काच म्हणू लागलो. त्यांनी आडनाव विचारले नाही. मोडक्या मराठीत एकच गोष्ट विचारली, "पाणी येतंय रात्री दोनला, कधी तीनला. उठायला होतंय का?" त्या वर्षी गावात चार-पाच दिवसांनी नळ येत होता. ज्याला उठणे जमले नाही त्याने चार दिवस घागर घेऊन दारोदार फिरायचे. आम्ही म्हणालो, "अक्का, मुंबईच्या चाळीत जन्म गेला. पाण्याला उठणे आम्हाला नवे नाही." झाले, खोली ठरली. संध्याकाळी चादर सोडून तसबिरी भिंतीवर लावल्या. अक्का येऊन बघून गेल्या आणि जाताना शेंगाचटणी व चार कडक भाकऱ्या ठेवून गेल्या. या भाकऱ्या पापडासारख्या मोडतात आणि बरेच दिवस टिकतात. पुढे शाळेच्या डब्यात त्याच जाऊ लागल्या.

१५ जूनला शाळा उघडली. लेक पांढरी साडी नेसून, निळ्या काठाचा रुमाल हातात घेऊन गेली. संध्याकाळी आली ती घसा बसवून. तिला तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र मिळाले होते. पटावर चौतीस नावे, हजर एकोणीस मुले. शाळा मराठी माध्यमाची, पण निम्म्या मुलांच्या घरची भाषा मराठी नाही. एक मुलगा दारात उभ्या असलेल्या धाकट्या भावाला सारखा "बा, बा" म्हणून हाक मारत होता. लेकीला वाटले, बाप आला असेल. बाहेर जाऊन पाहते तर कोणी नाही! कन्नडमध्ये 'बा' म्हणजे 'ये', हे तिला एका चौथीच्या मुलीने समजावले. त्या रात्री लेकीने वहीत चार ओळी लिहिल्या. मराठीत ये, बस. कन्नडमध्ये बा, कूडु. अक्कांच्या तेलुगूत रा, कूसो. मास्तरीणबाई स्वतःच पहिलीत बसल्या म्हणून आम्ही तिला चिडवले.

परंतु हे चिडवण्याइतके साधे नव्हते. याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार. त्यातला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिला. ते २००९ मध्ये त्या शाळेवर गेले तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. मुले घरात कन्नड बोलणारी आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेचे. त्यांनी मुलांची भाषा शिकून घेतली आणि धडे त्या भाषेत आणले. मोबाइलवर उघडणाऱ्या चौकोनी खुणांमुळे त्यांचे नाव जगात झाले. पण मूळ काम मुलाच्या घरच्या बोलीपर्यंत पोचण्याचे होते, ही गोष्ट आमच्या लेकीने मनाशी धरली.

दुसऱ्या आठवड्यात मात्र ती खचली. रात्री दोनला पाण्याला उठायचे, सकाळी स्वयंपाक, शाळेत दोन वर्ग, खिचडीची नोंद, माहितीचे तक्ते, रात्री पुन्हा वही. एका संध्याकाळी तिने डबा न उघडताच खाली ठेवला आणि म्हणाली, "मला हे जमणार नाही. मी परत येते."

आम्ही काही बोललो नाही. जेवण झाल्यावर तिनेच सांगितले. हजेरीपुस्तकात चौदाव्या क्रमांकावर एक मुलगी आहे. चौथीतली. शाळा उघडल्यापासून एकही दिवस आलेली नाही. तिच्याबद्दल विचारले तर एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले, "पटावर नाव आहे ना? मग झाले तर. असली मुले अशीच असतात." लेकीला दमल्याचे दुःख नव्हते. "असली मुले" हे शब्द तिच्या जिव्हारी लागले होते. हे शब्द आपण सगळ्यांनी आयुष्यात कुठे ना कुठे ऐकलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अक्कांना बरोबर घेतले आणि त्या मुलीच्या घरी गेलो. दोन खणांची खोली. मुलगी कात्रीने पाने कापत बसली होती. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून तेवढ्याच मापाचे पान कापायचे. तिची आई त्या पानात तंबाखू भरून वळत होती, दोऱ्याने बांधत होती, टोके मुडपत होती. शेजारी दोन वर्षांचा पोरगा भिंतीला धरून चालत होता. बाप दुसऱ्या गावी कामाला होता.

बाईंनी आम्हाला पाणी दिले आणि आमच्या लेकीकडे भीतीने पाहिले. बहुधा त्यांना वाटले असेल की आता रागावणार. लेकीने मुलीजवळ बसून पानाचा तुकडा हातात घेतला आणि विचारले, "मला शिकवतेस?" मुलगी लाजली, पण तिने शिकवले. लेकीने कापलेली पहिली चार पाने वाया गेली. तेव्हा सगळेच हसले आणि मग बोलणे सुरू झाले.

अक्कांनी दुभाषाचे काम केले. हिशेब असा होता. मुलगी पाने कापून देते तेव्हा दिवसात हजार विड्या होतात. ती शाळेत गेली तर सहाशे-सातशे. वर सकाळी विड्या द्यायला आणि नवीन पाने-तंबाखू आणायला ब्रँचवर जायचे, तिथे रांग, तपासणी, खराब विड्या बाजूला काढणे. तोवर धाकट्याला कोण सांभाळणार? अंगणवाडीत तीन वर्षांशिवाय घेत नाहीत. शाळा नको असे त्या बाईंनी एकदाही म्हटले नाही. उलट मुलीची गेल्या वर्षीची वही पत्र्याच्या पेटीतून काढून दाखवली. स्वच्छ अक्षर होते.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण मिळण्याचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे पडलेले शिकवून घ्यायचे, असेही त्यात आहे. हे सर्व आपल्या आयाबहिणींना माहीत असलेच पाहिजे. पण त्या खोलीत बसल्यावर आम्हाला कळले की, मूल शाळेत जायला कायद्यासोबत आणखी काही लागते. धाकट्याला सांभाळणारे कोणी लागते.

परत येताना अक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. दारात आल्यावर म्हणाल्या, "पोराला माझ्याकडे सोडू दे सकाळी. मी बसूनच असते."

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही तिघे बुधवार पेठेत मिलिंदनगरच्या प्रेरणाभूमीला गेलो. बाबासाहेबांच्या अस्थी जपलेल्या त्या जागी नतमस्तक झालो. वाटेत चार हुतात्म्यांचे पुतळे पाहिले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिले गेले. चार नावे, आणि कुठलीही दोन एका जातीची वाटत नाहीत. ज्या गावाने असे चौघे दिले, त्या गावात आम्हाला खोली नाकारली जावी! गाव एक नसते, एका गावात अनेक गावे असतात, हे तेव्हा पटले.

विहाराच्या आवारात बसून आम्ही लेकीला एक जुनी हकीकत सांगितली. ती आपल्या समाजातल्या प्रत्येक घरात सांगितली पाहिजे. बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन परत आले. जुलै १९२४ मध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. त्या सभेने आरंभी हाती घेतलेल्या कामांतले एक याच सोलापुरात झाले. ४ जानेवारी १९२५ रोजी सभेने इथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलांची राहण्या-जेवण्याची, कपड्यांची आणि वह्या-पुस्तकांची सोय तिथे होती. सोलापूर नगरपालिकेने त्याला महिना चाळीस रुपयांचे अनुदान दिले. वसतिगृहातल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही काढले. सोलापूरचे डॉ. मुळे यांनी या आरंभीच्या कामाला हात दिला होता. जानेवारी १९४६ मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेने व लोकल बोर्डाने बाबासाहेबांना मानपत्र दिले, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या त्या मदतीची त्यांनी आठवण ठेवली होती. याच सोलापुरातून जिवप्पा ऐदाळे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून गेले.

लेकीने विचारले, "शाळा का नाही काढली? वसतिगृहच का?"

आम्ही म्हणालो, "तू गेल्या पंधरवड्यात खोल्या पाहिल्यास ना? मग तूच सांग."

तिला उत्तर सांगावे लागले नाही. हायस्कूल गावात होते, कागदावर दारही उघडे होते. पण खेड्यातून आलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा कोण देणार? त्याच्या ताटात भाकरी कोण वाढणार? अंगात सदरा नसेल तर तो वर्गात बसेल कसा? बाबासाहेबांनी स्वतः हे सोसले होते. बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती, हे आपण सर्व जाणतो. म्हणून त्यांनी आधी मुलांच्या डोक्यावरच्या छपराचा विचार केला. शाळेचा रस्ता घरातून निघतो. घर मागे उभे नसेल तर पटावरचे नाव पटावरच राहते. हे मुलाचे जसे आहे, तसेच नव्या शिक्षकाचेही आहे.

त्या दिवसानंतर परत येण्याची गोष्ट लेकीने काढली नाही. सोमवारी धाकटा पोरगा अक्कांच्या ओसरीवर आला. आईपासून सुटताना खूप रडला, मग अक्कांच्या सुपातला दोरा ओढत बसला. चौदाव्या क्रमांकाची मुलगी शाळेत गेली, अर्धा तास उशिरा. लेकीने तिला उशिराबद्दल विचारले नाही, फक्त "रा, कूसो" म्हणाली. सगळा वर्ग हसला आणि ती मुलगीही हसली.

पण वाचकहो, सगळे सुरळीत झाले असे आम्ही लिहिणार नाही. ती मुलगी आठवड्यातून चार दिवस येऊ लागली. ज्या दिवशी विड्या जास्त करायच्या असतात त्या दिवशी येत नाही. तिच्या आईचे रोजचे तीनशे विड्यांचे नुकसान कोणी भरून दिलेले नाही. ते आमच्या हातात नव्हते आणि एकट्या मास्तरणीच्याही हातात नाही. पुढच्या वर्षी ती पाचवीत गेली की मुलींसाठी असलेल्या सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीत बसते का, विडी कामगारांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती लागू होते का, त्यासाठी आईचे ओळखपत्र आहे का, याची चौकशी लेकीने सुरू केली. कागद जमवायला तिच्या वहीत एक वेगळे पान आहे.

२१ जुलैला आषाढ पौर्णिमा होती, रविवारच होता. वर्षावासाला आरंभ झाला. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू झाले. याच पौर्णिमेला तथागतांनी सारनाथला पहिला उपदेश केला. ऐकणारे किती? पाचच. आणि त्या पाच जणांनी आधी काय ठरवले होते? हा गौतम आला तर उठायचे नाही, अभिवादन करायचे नाही. पण ते जवळ आले तेव्हा पाचांना राहवले नाही. एकाने भिक्षापात्र घेतले, एकाने आसन मांडले, एकाने पाय धुवायला पाणी आणले. उपदेश त्यानंतर झाला.

विहाराच्या मागच्या रांगेत बसून हे ऐकताना मुलीच्या आईने आमच्याकडे पाहिले. अक्कांचा पहिला प्रश्न दोघांनाही आठवला होता. पाणी!

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही मुंबईची गाडी पकडली. लेक स्टेशनवर आली नाही, कारण त्या रात्री नळाची पाळी होती. आम्हीच तिला येऊ नको म्हणालो. चादर तिच्याकडे राहिली. अक्कांनी बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या आमच्या पिशवीत होत्या. पहाटे पुण्याच्या पुढे गाडी आली तेव्हा फोन वाजला. "सगळे भरले. अक्कांचा पिंपही भरला. आता झोपते थोडी."

बंधू-भगिनींनो, दर जूनमध्ये आपल्या वस्तीजवळच्या शाळेत कोणी ना कोणी नवे शिक्षक येतात. कोणी विदर्भातून येतो, कोणी कोकणातून. त्यांची जात विचारू नका, कारण ती विचारली गेल्याचे दुःख आपल्याला माहीत आहे. खोली मिळाली का, पाणी कधी येते ते ठाऊक आहे का, एवढे विचारा. सणाच्या दिवशी ताटावर बोलवा. आणि आपल्या गल्लीतले जे मूल पटावर आहे पण वर्गात नाही, त्याच्या घरी त्यांना घेऊन जा. शंभर वर्षांपूर्वी सोलापुरात बाबासाहेबांनी ज्या कामाला हात घातला, त्यातले आपल्या वाट्याचे एवढे तरी आपण करू शकतो.

जयभीम.